कालव्याच्या चुकीच्या काठावर एकशे बहात्तर मतदार

भिंतीवर लावलेल्या नकाशात कालव्याच्या पश्चिमेला सगळे ठिपके हिरवे होते आणि पूर्वेला सगळे नारिंगी. फक्त एका ठिकाणी, पश्चिम काठावर, हिरव्यांच्या मधोमध नारिंगी ठिपक्यांचा एक गठ्ठा बसला होता.

"काका, हे बघ ना, किती अग्ली दिसतो," आनिका म्हणाली. "मॅपिंगची एरर आहे. मी त्यांना मूव्ह करून टाकते, कॅनॉलच्या दुसऱ्या साइडला."

आनिका आमच्या ऑफिसात नकाशांचं काम बघते. आईवडील पुण्याचे डॉक्टर, हिचा जन्म आणि शाळा लंडनच्या एजवेअर भागातली. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत खुर्चीसुद्धा कधी कधी पुल्लिंगी असते. मला ती पहिल्या दिवसापासून काका म्हणते. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे, पण आता सवय झाली.

"थांब," मी म्हणालो. "हलवू नकोस. कुठली इमारत आहे बघ."

तिने माऊस नेला. लॉक हाऊस, फ्लॅट एक ते शहाण्णव. मतदार एकशे बहात्तर.

ठिपके बरोबर जागी होते. लॉक हाऊस खरोखरच पश्चिम काठावर आहे. चुकला होता तो रंग. आणि तो रंग आठ वर्षांपूर्वी मी बदलला होता.

इथे थोडं कामाविषयी सांगायला हवं. लंडनमध्ये बरो असतात. एक बरो म्हणजे आपल्याकडची एक महापालिका धरा. तिचे वॉर्ड असतात आणि वॉर्डांतून नगरसेवक निवडून येतात. मी अशाच एका बरोच्या कौन्सिलमध्ये निवडणूक विभागात काम करतो. बरोचं नाव सांगत नाही, पुढे वाचलंत की कारण कळेल. काही वर्षांनी एका भागात नवे टॉवर उभे राहतात, दुसरीकडे वस्ती कमी होते. मग एका नगरसेवकामागे मतदार जास्त, दुसऱ्यामागे कमी असं होतं. तेव्हा सगळ्या वॉर्डांच्या सीमा नव्याने आखतात. त्याला रिव्ह्यू म्हणतात.

मिरजेहून माझा भाचा फोनवर विचारतो, "मामा, तुम्हीपण अमेरिकेसारखं करता का? ते राज्याचे मतदारसंघ असे वाकडेतिकडे, पाल चिरडल्यासारखे?" मी त्याला सांगतो, तिकडे बऱ्याच राज्यांत काँग्रेसच्या मतदारसंघांच्या रेषा निवडून आलेले लोकच आखतात, म्हणून तसं होतं. इथे शेवटचा शब्द एका स्वतंत्र आयोगाचा असतो. कौन्सिल आपला प्रस्ताव पाठवते, पक्ष आपापले पाठवतात, आणि रस्त्यावरचा कोणीही माणूस पत्र लिहून सांगू शकतो की रेषा इथून नको, तिथून न्या. आयोग तीन गोष्टी बघतो. प्रत्येक नगरसेवकामागे मतदार साधारण सारखे असावेत, म्हणजे सरासरीच्या वरखाली दहा टक्क्यांच्या आत. एकत्र राहणारी वस्ती तुटू नये. आणि कारभार सोयीचा व्हावा. यातच हेही येतं की वॉर्डातल्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वॉर्डाबाहेर न पडता जाता आलं पाहिजे.

हे सगळं मोजायचं ते पोलिंग डिस्ट्रिक्टच्या हिशेबाने. आपल्याकडे मतदार यादीचा भाग क्रमांक असतो ना, तसं. एका केंद्रावर मत द्यायला जाणाऱ्या घरांचा एक गट. हे गट विटांसारखे रचून वॉर्ड तयार होतो. म्हणजे एखादं घर चुकीच्या विटेत गेलं की भिंतच चुकते.

आमच्या प्रस्तावात कालवा ही सीमा होती. पूर्वेला मिलफील्ड वॉर्ड, पश्चिमेला वेस्टब्रुक. दोन्ही मोठ्या पक्षांच्या नगरसेवकांचं चार महिने भांडून यावर एकमत झालं होतं, आणि आमची मॅनेजर मॉरीन म्हणायची की तिने सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं एकमत पाहिलं नव्हतं. वेस्टब्रुक जरा जड होता, सरासरीपेक्षा नऊ टक्के जास्त. पण दहाच्या आत होता. प्रस्ताव मंजूर करणाऱ्या नगरसेवकांच्या समितीची शेवटची मीटिंग गुरुवारी होती आणि प्रस्ताव पाठवायची मुदत शुक्रवारी. आनिकाने तो गठ्ठा दाखवला तो सोमवार होता.

आता कळलं असेल. लॉक हाऊस पश्चिम काठावर, पण यादीत पूर्वेच्या गटात, म्हणून नारिंगी. त्याचे मतदार आम्ही मिलफील्डमध्ये मोजले होते. खरं मोजलं तर ते वेस्टब्रुकचे, आणि वेस्टब्रुक दहा टक्क्यांच्या वर जाणार. आनिकाने ठिपके पलीकडे हलवले असते तर कागद जुळला असता. इमारत मात्र हलली नसती. नव्या सीमा लागू झाल्यावर त्या एकशे बहात्तर लोकांनी भलत्याच वॉर्डाच्या नगरसेवकाला मत दिलं असतं. आतापर्यंत वाचलो ते एवढ्यासाठीच, की जुन्या सीमांत कालव्याचे दोन्ही काठ एकाच वॉर्डात होते.

"तुला कसं माहीत एरर नाही म्हणून?" आनिकाने विचारलं.

"मी तिथे गेलोय."

"मग बेस मॅपवर तिथे वेअरहाऊस का लिहिलाय? आणि ॲड्रेस मिल वार्फचा आहे. मिल वार्फची पाटी तर ईस्टला आहे."

"आधी ते गोदामच होतं. पत्ता जुन्या धक्क्यावरून पडलाय. आजचा दिवस दे मला. काही हलवू नको."

तिने माऊसवरून हात काढला. मी तिला कधी 'नको' म्हणत नाही. नकाशाच्या बाबतीत तर नाहीच.

याला कारण आहे. माझं शिक्षण नववीपर्यंत. गणितात नापास झालो आणि शाळा सोडली. मिरजेत केबल टीव्हीच्या वायरी ओढायचो. बायको वैशाली नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि नऊ वर्षांपूर्वी मी तिच्यामागून आलो. इल्फर्डला एका खोलीत सहा महिने नुसता बसून होतो. लायब्ररीत एक कागद लावलेला दिसला, कौन्सिलला कॅनव्हासर हवेत. कॅनव्हास म्हणजे दर शरद ऋतूत कुठल्या पत्त्यावर कोण राहतं याची खात्री करून घेणं. जी घरं उत्तर पाठवत नाहीत, त्यांच्या दारात माणूस जातो. तो माणूस कॅनव्हासर.

मुलाखत मॉरीननेच घेतली होती. मी सर्टिफिकेटं नाहीत म्हणून सांगायला तोंड उघडलं, तर तिने आधीच विचारलं.

"चालता येतं?"

"येतं."

"कुत्र्यांची भीती वाटते?"

"वाटते."

"खरं बोलतोस. सोमवारी ये."

तेव्हापासून मी त्या बाईचं ऋण मानत आलो आहे. इथे सगळे तिला नुसतं मॉरीन म्हणतात. मला तसं म्हणायला वर्ष लागलं, आणि मनात मी अजून मॉरीन मॅडमच म्हणतो. भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं हे मला तिनेच सांगितलं, आणि माझ्या नावाचा फॉर्म तिने स्वतः भरून घेतला. कॅनव्हासर म्हणून दोन वर्षं हंगामी, मग ऑफिसात हंगामी, मग रिव्ह्यूसाठी कंत्राटावर. दर शरदात दारं वाजवायला मात्र जायचोच, कधी या गल्ल्यांत, कधी त्या. आठ वर्षांनी पहिल्यांदा कायमची जागा निघाली होती आणि तिची मुलाखत पुढच्या बुधवारी होती. टक्केवारी काढायला मी यूट्यूबवर शिकलो. अजून प्रत्येक आकडा तीनदा काढतो. कोणीतरी एक दिवस विचारणार, हा नववी पास माणूस इथे काय करतो, असं मला वाटत राहतं.

आणि आता हे निघालं.

चूक कशी झाली ते सांगतो. कॅनव्हासरला घरांची एक यादी मिळते, चालायच्या क्रमाने लावलेली. तिला वॉक म्हणतात. माझा वॉक कालव्याच्या पूर्व काठावर होता. शेवटचं घर झालं की मी पादचारी पुलावरून पलीकडे यायचो, बसस्टॉप तिकडे म्हणून. पूल उतरला की समोरच लॉक हाऊस. ते दुसऱ्याच्या वॉकमध्ये होतं, आणि तो माणूस पार उलट्या बाजूने यायचा. मी म्हटलं, मी तिथूनच तर जातो, मला द्या. घरं मी चालायच्या वाटेनेच लक्षात ठेवायचो. केबलच्या धंद्यात तसंच असतं. वायर ज्या गच्चीवरून येईल ती आपली गल्ली.

त्यासाठी एक पिवळा फॉर्म होता. त्यावर रकाना एकच, 'यातून काढून त्यात टाका'. वॉकचा नंबर आणि पोलिंग डिस्ट्रिक्टचा कोड तेव्हा एकाच ओळीत लिहायचे. मी माझ्या वॉकचा अख्खा नंबर लिहिला, कोडासकट. ऑफिसात कोणीतरी तो तसाच कॉम्प्युटरवर चढवला. लॉक हाऊस माझ्या वॉकमध्ये आलं, आणि त्याबरोबर शहाण्णव फ्लॅटांचं मतदान केंद्रही पलीकडच्या काठावर गेलं. मला वाटलं होतं मी फक्त माझी पायपीट वाचवली.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिकडे गेलो. खरं म्हणजे जायची गरज नव्हती. इमारत कुठे आहे ते मला पाठ होतं. तरी गेलो. लॉक हाऊसची लिफ्ट चालू होती, पण मी तळमजल्यावरच थांबलो, कारण तिथे मिसेस नागावकर राहतात.

त्या मुंबईच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. भायखळ्याला वाढल्या, साठ वर्षांपूर्वी इथे आल्या. मुलं, नातवंडं सगळी इंग्रजी बोलतात. पहिल्यांदा मी त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा माझ्या कोटावरचा बिल्ला वाचून त्यांनी थेट मराठीत विचारलं होतं, कुठला रे तू? मिरज म्हटल्यावर माझं नाव मिरजकर पडलं. शनिवारी दार वाजवायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं.

"मिरजकर, आता कसला फॉर्म आणलास?" दार उघडताच त्या म्हणाल्या.

"फॉर्म नाही मावशी. सहज आलो."

"कौन्सिलवाले सहज येतात होय? बस."

मी बसलो. खिडकीतून समोरची शाळा दिसत होती. मध्ये एक लहान रस्ता आणि झेब्रा क्रॉसिंग. मी विचारलं, "मावशी, मत द्यायला तुम्ही कुठे जाता?"

"जाते कुठली? पोस्टाने पाठवते. आधी त्या शाळेत जायचे. हे बघ, इथनं तिथं. मग एका वर्षी कार्ड आलं, पुलापलीकडच्या कम्युनिटी हॉलचं. मी म्हटलं, कौन्सिलने बदललंय म्हणजे काहीतरी कारण असेल."

"मग?"

"मग काय, गेले एकदा. पुलाच्या पायऱ्या बघितल्यास का? माझे गुडघे बघितलेस का? येताना मधेच बसले, तर एक पोरगा अँब्युलन्स बोलावू का विचारायला लागला. त्यानंतर पोस्टल व्होट घेतलं." त्यांनी हात झटकला. "पण मला नाही आवडत ते. मत टाकायला जायचं असतं रे. मी चांगली साडी नेसून जायचे. तिथे सगळे भेटायचे. पाकिटात घालून चिकटवायचं म्हणजे विजेचं बिल भरल्यासारखं वाटतं."

"का बदललं रे त्यांनी? तू तिथेच असतोस ना?"

"बघतो, मावशी."

"बघतो म्हणणारे मी भायखळ्याला सोडून आले. तू तरी नीट सांग."

मी चहा न घेताच उठलो. त्यांना ते आवडलं नाही.

त्या रात्री वैशालीची ड्यूटी होती. मंगळवारी सकाळी आठला ती घरी आली तेव्हा मी बूट घालत होतो. उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. मुलाखत पुढच्या बुधवारी आहे हेही सांगितलं, जसं काही तिला माहीत नव्हतं.

"आनिकाला कळलंय?" तिने विचारलं.

"नाही. ती अजून नकाशाचीच एरर समजते. मी हो म्हटलं तर ती आज ठिपके हलवेल आणि विषय संपेल."

"आणि म्हातारीने पूल चढायचा."

"तेच ना."

तिने पायमोजे काढले आणि गरम पाण्याची बादली ओढली. "आमच्याकडे औषध चुकलं तर आधी फॉर्म भरतो, मग रडतो. तू उलटं करतोयस. जा आणि सांग."

"कायमची जागा गेली तर?"

"तर माझा पगार आहे. दार लाव, थंडी येतेय."

मॉरीन नऊला येते. मी पावणेनऊपासून तिच्या केबिनच्या दाराशी उभा होतो. एका कागदावर सगळं लिहून आणलं होतं, कारण घाबरलो की माझी इंग्रजी वाक्यं अर्ध्यात तुटतात. तो कागद मी तिला वाचून दाखवला. शेवटचं वाक्य होतं, "चूक माझी आहे आणि मुलाखतीतून माझं नाव काढायचं असेल तर मला समजेल."

तिने किटली लावली. दोन मग काढले.

"हे कधी कळलं तुला?"

"काल. साडेअकराला."

"आणि आज सांगतोयस."

"काल धीर झाला नाही."

"दूध घालू?"

"घाला."

तिने मग माझ्यापुढे ठेवला आणि आनिकाला हाक मारली. "त्या वर्षीचे पिवळे फॉर्म स्कॅन केलेले असतील. खरं तर ते केव्हाच डिलीट व्हायला हवे होते, पण आपण काहीच वेळेवर डिलीट करत नाही. बघ जरा."

आनिकाला सापडायला दहा मिनिटं लागली. स्क्रीनवर माझं अक्षर दिसलं. मोठं, शाळकरी, प्रत्येक अक्षर वेगळं. खाली माझी सही. त्याच्याखाली 'तपासले' असं छापलेलं, आणि त्यापुढे दुसरी सही.

मॉरीनने चष्मा लावला. काढला. पुन्हा लावला.

"ही माझी आहे," ती म्हणाली.

आनिका मान खाली घालून कीबोर्डकडे बघायला लागली.

"तू चुकीचं लिहिलंस. तू तेव्हा नवा होतास, आणि फॉर्म मूर्खासारखा बनवलेला होता. मी तो वाचायला हवा होता, मला तेवढ्याचाच पगार मिळतो. वाचला नाही. तारीख काय आहे? वार कुठला होता?"

आनिकाने बघितलं. "फ्रायडे."

"वाटलंच मला. शुक्रवारी मला घरी जायची घाई असते," मॉरीन म्हणाली. "बरं. आता आकडे. दत्ता, वेस्टब्रुक किती होतो?"

मी कागदावर काढलं. तीनदा. "अकराच्या जरासा वर."

"आनिका?"

"सेम. काका करेक्ट आहे."

आयुष्यात गणिताच्या पेपरवर मला कोणी असं म्हटलं नव्हतं. पण आनंद मानायची ती वेळ नव्हती. वेस्टब्रुकमधून शंभर-सव्वाशे मतदार कुठेतरी जायला हवे होते. कालव्यापलीकडे टाकता येत नव्हते. उत्तरेला दुसरा वॉर्ड आधीच भरलेला. दक्षिणेला स्टेशन वॉर्ड, तिथे जागा होती, पण मध्ये सगळ्या सलग गल्ल्या. कुठेही रेषा ओढली तरी कोणाची तरी गल्ली अर्धी कापली जात होती. आनिकाने चार रेषा काढल्या, चारही मॉरीनने पुसायला लावल्या.

"टॅनर्स क्लोज," मी म्हणालो.

क्लोज म्हणजे एका बाजूने बंद असलेली गल्ली. आनिकाने ती शोधली. "पण काका, ती वेस्टब्रुकला जोडलेला आहे. ही बघ, इथे मागून पॅसेज आहे."

"पॅसेजला गेट आहे. कुलूप असतं. मला दर वर्षी वळसा घालून यावं लागायचं, पावसात शिव्या देत. गाड्या आणि माणसं सगळी स्टेशनच्या बाजूनेच बाहेर पडतात. दुकानं, बसस्टॉप, सगळं तिकडेच."

"नकाशावर गेट नाहीये."

"नकाशावर नसेल. तिथे आहे."

मॉरीनने दोघांकडे बघितलं. "मला नकाशाही नको आणि आठवणही नको. फोटो आणा."

आम्ही दोघं बसने गेलो. आनिका आमच्या बरोत दीड वर्ष नोकरीला होती, पण बहुतेक घरून काम, त्यामुळे ती त्या भागात पहिल्यांदाच येत होती. तिने पांढरे बूट घातले होते आणि पॅसेजमध्ये चिखल होता. गेट होतं. गंजलेलं, साखळीने बांधलेलं. तिने फोटो काढत असताना शेजारच्या घरातून एक म्हातारा बाहेर आला आणि विचारायला लागला की आम्ही ते उघडणार आहोत की काय.

"नाही, नाही," आनिका म्हणाली. "केव्हापासून बंद आहे हे?"

"माझ्या लग्नाच्या आधीपासून," तो म्हणाला. "आणि बंदच राहू दे. लग्नाबद्दल नाही म्हणत, गेटबद्दल."

परत येताना बसमध्ये ती बूट पुसत म्हणाली, "काका, मला खरं सांग. तू काल मला मूव्ह करू दिला असता तर कुणालाच कळला नसता ना?"

"नसतं कळलं."

"मग का नाही दिलं?"

मी म्हटलं, "तिथे एक बाई राहतात, त्यांना मी उत्तर दिलेलं नाही." ती म्हणाली, पुढच्या कॅनव्हासला तीही एक दिवस येणार. आणि ती खरंच आली.

गुरुवारच्या मीटिंगला मॉरीनने मला मागच्या रांगेत बसवलं. तिने उभं राहून सांगितलं की एका इमारतीची नोंद ऑफिसच्या चुकीमुळे आठ वर्षं भलत्या काठावर होती, ती दुरुस्त केली आहे, आणि त्यामुळे टॅनर्स क्लोज स्टेशन वॉर्डात घालावी लागेल. 'ऑफिसच्या' एवढंच म्हणाली. माझं नाव घेतलं नाही, स्वतःचंही नाही.

एक नगरसेवक वैतागले. "चार महिने आम्ही यावर घालवले आणि तुम्ही मुदतीच्या आदल्या दिवशी सांगता? आणि त्या गल्लीचं गेट बंद असतं हे तुम्हाला कसं कळलं? माझा वॉर्ड आहे तो. मला माहीत नाही."

मॉरीनने मागे बघून मान हलवली. मी उभा राहिलो.

"सर, मी तिथे सहा-सात वर्षं दारं वाजवलीत. तुमची पत्रकं पण तिथे पोचत नाहीत. तुमची माणसंसुद्धा गेटापर्यंत येऊन परत जातात."

दुसऱ्या पक्षाचे लोक आधी हसले. मग ते नगरसेवक स्वतःही हसले. ठराव मंजूर झाला, कुरकुर करत, पण झाला. शुक्रवारी दुपारी चारला प्रस्ताव गेला. लॉक हाऊसची दुरुस्ती कशामुळे करावी लागली याचं मॉरीनने एक पानभर टिपण जोडलं होतं. त्यावर तिची सही होती. यावेळी तिने ते दोनदा वाचलं, माझ्यासमोर.

बुधवारी मुलाखत झाली. पॅनलवर तिघं होते, मॉरीन त्यांत नव्हती. तिनेच स्वतःला बाजूला ठेवायला सांगितलं होतं. तिसरा प्रश्न असा होता: कामात तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा आणि तुम्ही ती कशी हाताळलीत ते सांगा. इथे बहुतेक मुलाखतींत हा प्रश्न असतो. लोक घरी बसून त्याचं उत्तर रचतात, फार मोठी नाही आणि फार लहान नाही अशी चूक शोधतात. मला शोधावी लागली नाही. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मी अडखळतच दिली. याचं मात्र इतकं लांबलं की त्यांनी मला थांबवलं.

नोकरी मिळाली. पत्र आलं त्या दिवशी वैशालीने शिरा केला आणि मी मिरजेला फोन लावला. आई म्हणाली, कायम म्हणजे पेन्शन असेल ना? आहे म्हटलं.

काही महिन्यांनी आयोगाचा मसुदा आला. कालव्याची सीमा त्यांनी मान्य केली. लॉक हाऊस वेस्टब्रुकमध्ये, टॅनर्स क्लोज स्टेशन वॉर्डात. पण उत्तरेचे दोन वॉर्ड, ज्यांच्यावर दोन्ही पक्ष सर्वांत जास्त खूश होते, ते त्यांनी मोडून वेगळेच जोडले. ज्या नगरसेवकांनी मला गेटबद्दल विचारलं होतं, ते आता त्याविरुद्ध पत्रं गोळा करतात आणि मधून मधून मला फोन करून विचारतात, अमक्या गल्लीतून तमक्या गल्लीत चालत जाता येतं का. येत असेल तर मी येतं म्हणून सांगतो. त्यांना बहुतेक वेळा 'येत नाही' असं उत्तर हवं असतं.

मतदान केंद्र बदलायला आयोगाची वाट बघायची गरज नव्हती, ते कौन्सिलच्या हातात होतं. लॉक हाऊसला शाळेतलं केंद्र आम्ही त्याच वर्षी परत दिलं. मी मिसेस नागावकरांकडे जाऊन उत्तर दिलं. काय झालं होतं, कोणी केलं होतं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुझा बस पकडायचा वेळ वाचला आणि माझे गुडघे गेले." मी हो म्हटलं. मग त्यांनी चहा ठेवला आणि मी तो प्यायलो.

पुढच्या मतदानाच्या दिवशी दुपारी त्यांचा ऑफिसात फोन आला. जाऊन आले म्हणाल्या. फोटो ओळखपत्र म्हणून बसचा पास नेला होता. रांग होती, वीस मिनिटं उभं राहावं लागलं, खुर्ची एकच होती आणि तीवर एक तरुण बाई बसली होती. हे सगळं लिहून घे, मिरजकर, म्हणाल्या. मी लिहून घेतलं. आता तिथे तीन खुर्च्या असतात.

पिवळा फॉर्म मॉरीनने मला नव्याने बनवायला सांगितला. आता त्यात वॉक वेगळा आणि पोलिंग डिस्ट्रिक्ट वेगळं, आणि ते बदलायचं असेल तर खाली एक प्रश्न आहे: या दारातून मतदान केंद्रापर्यंत तुम्ही स्वतः चालून पाहिलंत का? किती मिनिटं लागली? नवे कॅनव्हासर वैतागतात. एक इमारत इकडची तिकडे करायला एवढं कशाला, म्हणतात. मी म्हणतो, खुशाल करा, फक्त एकदा चालून या आणि मिनिटं लिहा. बहुतेक जण चालायला जात नाहीत. फॉर्म परत घेतात.